उडणाऱ्यांचं मन उडालंय

आमच्या मार्गासनीत विमान म्हणजे मान वर करून बघायची वस्तू. पांढरी रेघ ओढत ते जातं, अंगणातली पोरं टाटा करतात आणि आपण परत आपल्या कामाला लागतो. त्या विमानाच्या पुढच्या टोकाला बसलेली दोन माणसं काल रात्री किती झोपली असतील, असा विचार कुणाच्या मनात कशाला येईल? मैत्रिणींनो, माझ्या मनात तो हल्ली फार येतो.

डिसेंबर २०२५ मधल्या टीव्हीवरच्या बातम्या आठवतायत ना? देशातली सगळ्यात मोठी विमान कंपनी इंडिगो, आतल्या प्रवाशांपैकी शंभरातले साठाहून जास्त तिच्याच विमानात बसणारे. आणि तिची विमानं अचानक जागच्या जागी उभी! ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांतच अडीच हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली, तीन लाखांहून जास्त माणसं अडकली. मुंबई, पुणे, दिल्ली, सगळीकडे बॅगांचे डोंगर. लग्नाला निघालेले, परीक्षेला निघालेले, आईच्या शेवटच्या दर्शनाला निघालेले लोक विमानतळाच्या फरशीवर बसलेले.

विमानं शाबूत होती, हवाही ठीक होती. कमी पडले ते विमान चालवणारे. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पुरते लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीच्या ड्यूटीत विमान उतरवायची मर्यादा सहावरून दोनवर आली. नियम काही रातोरात आले नव्हते. विमान वाहतूक महासंचालनालयाने ते जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते, पुढे ढकलले गेले, मग दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर दोन टप्प्यांत लावायचे ठरले. तयारीला जवळजवळ दोन वर्षं होती. तरी रोस्टर बसवायला माणसं पुरली नाहीत. शेवटी काय झालं? या कंपनीला त्यातल्या काही नियमांतून फेब्रुवारीपर्यंत सूट दिली गेली. पुढे चौकशी झाली, २२ कोटी २० लाखांचा दंडही झाला. पण त्या वेळी गाडी रुळावर आणायला पहिली कात्री लागली ती झोपेलाच, हे मला फार बोचलं.

आमच्या आळीत तेव्हा एक काकू म्हणाल्या, "लाखांनी पगार घेतात मेले, आणि झोप पाहिजे म्हणे!"

मी म्हटलं, "काकू, आपली मुक्कामी गाडी आठवा."

ज्यांच्या गावाला एसटीची मुक्कामी गाडी येते त्यांना लांबण लावून सांगायला नको. रात्री शेवटची फेरी गावात येते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, शाळेच्या ओट्यावर नाहीतर गाडीतच सीटवर आडवे होतात. डास, थंडी, कुत्री. आणि पहाटे तीच गाडी तोच माणूस घाटातून काढतो, आत आपली कॉलेजला जाणारी पोर बसलेली असते. तेव्हा कुठली सुज्ञ बाई म्हणेल की त्याला झोप कशाला हवी? २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचे कर्मचारी संपावर गेले, ते उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये कामावर परतले. पगार, उशिरा मिळणारा पगार आणि शासनात विलीनीकरण हे मुद्दे होते. पण त्या पाच-सहा महिन्यांत कुठल्याही डेपोतल्या माणसाशी बोललं की तो पहिलं वाक्य हेच बोलायचा, की आम्हाला कुणी माणसात धरत नाही.

आता गंमत अशी, की हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलं. एसटीच्या ड्रायव्हरकडून नाही, विमान चालवणाऱ्या पोरीकडून.

माझ्या धाकट्या बहिणीला भोरला दिलीय. तिची थोरली मुलगी को-पायलट आहे, त्यांच्या भाषेत फर्स्ट ऑफिसर. लहानपणापासून तिला तेच व्हायचं होतं. बारावी सायन्स केलं आणि गणित, फिजिक्स चांगल्या मार्कांनी काढलं. मग लायसन्ससाठी दोनशे तास विमान उडवावं लागतं, ते केलं. आपल्या राज्यात बारामती, धुळे, गोंदिया इथे अशी शिकायची सोय आहे. लायसन्स काढून झालं की एकेका जातीच्या मोठ्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग, त्याला टाइप रेटिंग म्हणतात, त्याचा खर्च निराळा. सगळं मिळून पाऊण कोटीच्या घरात गेलं. हायवेजवळची अर्धा एकर जमीन विकली आणि वर बँकेचं कर्ज. मेव्हण्यांच्या भावकीत त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. पोरगी युनिफॉर्म घालून पहिल्यांदा घरी आली तेव्हा मात्र तीच भावकी फोटो काढायला पुढे होती!

त्याला आता चार वर्षं झाली. मागच्या मे महिन्यात ती आमच्याकडे दोन दिवस आली. येऊन जेवली आणि झोपली ती दुसऱ्या दिवशी बारा वाजता उठली. मधे शेजारणी दोनदा बघून गेल्या. "पोरीला बरं नाही का गं?" मी आपलं, "प्रवासाने दमलीय." उठल्यावर केस विंचरत ती म्हणाली, "मावशी, मला वाटतं मी ही नोकरी सोडावी."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. पहिला विचार आला तो अर्धा एकराचा, खोटं कशाला बोलू.

मग तिने सांगायला सुरुवात केली. पहाटे चारला विमानतळावर हजर राहायचं, म्हणजे गाडी अडीचला दारात. म्हणजे दीडला उठायचं. त्यासाठी संध्याकाळी सहाला झोपायला हवं. पण सोसायटीत सहाला पोरं क्रिकेट खेळतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, झोप कुठली लागते? दोन दिवस असं पहाटेचं, मग एकदम रात्रीचं. शरीराला कळतच नाही आता काय, दिवस का रात्र. एका दिवसात चार-चार वेळा विमान उतरवायचं. रोस्टर हातात येतं आणि आदल्या दिवशी बदलतं. भावाच्या साखरपुड्याची सुट्टी दोन महिने आधी मागितली, ती मंजूर झाली आणि चार दिवस आधी रद्द. "मावशी, मी साखरपुडा व्हिडिओ कॉलवर बघितला, हॉटेलच्या बाथरूममध्ये उभी राहून, कारण तिथेच रेंज होती." फार दमलं असेल तर 'मी थकलेय, आज उडवत नाही' असं कळवायची सोय आहे. पण कळवलं की मागोमाग प्रश्न, काल सुट्टीच होती ना, मग काय केलंत? दोनदा असं झालं की माणूस तिसऱ्यांदा कळवत नाही. तोंडावर पाणी मारतो आणि जातो. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तिच्या मैत्रिणी वेगवेगळ्या कंपन्यांत आहेत, आणि ती म्हणते की सगळ्याजणी एकमेकींना हेच सांगतात.

"उडवायचा कंटाळा नाही आलाय," ती म्हणाली. "दार बंद झालं, विमान वर गेलं की अजूनही अंगावर काटा येतो. खाली उतरल्यावरचं नको वाटतं."

थकव्याचं हे प्रकरण नुसतं कुरकुरीचं नाही. २२ मे २०१० ला दुबईहून रात्रभर उडत आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टीपुढे जाऊन दरीत कोसळलं, १५८ माणसं गेली. चौकशीत निघालं की मुख्य वैमानिक त्या प्रवासात बराच वेळ झोपले होते. ब्लॅक बॉक्समधल्या टेपवर घोरणं ऐकू येत होतं. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाला थोडा वेळ उमजत नाही, आपल्याला दुपारच्या झोपेनंतर होतं तसंच, आणि नेमक्या त्या वेळात तो विमान उतरवत होता. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याचं विमान घेऊन निघालेला चाळिशीतला वैमानिक गेटजवळच कोसळला आणि गेला. आदल्या दिवशी त्याने पहाटेची ड्यूटी केली होती, मग नियमाप्रमाणे सत्तावीस तासांची विश्रांतीही झाली होती, असं कंपनीने सांगितलं. त्याच्या मृत्यूचा थकव्याशी संबंध जोडता येईल असं मी म्हणत नाही. पण वैमानिकांमध्ये त्यानंतर जी चर्चा झाली ती हीच, की नियमात बसणारी विश्रांती आणि अंगाला मिळणारी विश्रांती एकच असते का? ज्या बाईने तान्हं मूल वाढवलंय तिला हे उत्तर पाठ आहे.

आणि मग मन. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान पडलं. विमानातले आणि खालचे मिळून २६० जीव गेले. चारच दिवसांनी, १६ जूनला, त्या कंपनीच्या ११२ वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली. ही माहिती लोकसभेत दिली ती पुण्याचे खासदार आणि विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी. एका दिवशी ११२! यांना सगळ्यांना काय एकदम ताप आला होता? त्यांना भीती वाटली होती, दुःख झालं होतं आणि ते सांगायला रजेच्या अर्जात रकाना नव्हता. वैमानिकाची दरवर्षी डॉक्टरी तपासणी होते. तिथे 'मला झोप लागत नाही, उदास वाटतं' असं बोललं तर लायसन्सवर गदा यायची धास्ती. म्हणून ते बोलतच नाहीत. त्यात त्या अपघाताच्या पहिल्या अहवालानंतर बोटं गेली ती वैमानिकांकडे. मुख्य वैमानिक मुंबईचे, पवईला राहणारे. त्यांच्या नव्वदी पार केलेल्या वडिलांना थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्तींनी त्यांना सांगितलं की तुमच्या मुलाला कुणी दोष देत नाही, हे ओझं बाळगू नका. या वयात बापाने हे ऐकायला कोर्टात जायचं! इतर वैमानिकांनी टीव्हीवर हे बघितलं असेल तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल?

तसं विमान कंपन्या आणि वैमानिक यांचं रुसणं-फुगणं जुनंच. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकाच वेळी 'आजारी' पडले होते, कारण संघटना काढणाऱ्या दोघांना काढून टाकलं होतं. पाच दिवस विमानं बंद, मग समेट. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली, तीही महिनोन्महिने पगार थकवून. त्याच दिवसांत दिल्लीत तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या बायकोने जीव दिला. चिठ्ठीत नवऱ्याच्या थकलेल्या पगाराचा उल्लेख होता. कंपनी कुठलीही असो, पगार थांबला की पहिली झळ कुणाला लागते ते या ओळीत आलं. मग १७ एप्रिल २०१९ ला जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं. वैमानिकांचे पगार जानेवारीपासूनच थकले होते. करोनाने उरलेल्यांचे पगार कापले. इतकं सगळं बघितलेला माणूस कंपनीवर जीव टाकेल कसा?

म्हणून ते सोडून जातात. अकासा ही मुंबईचीच नवी कंपनी. ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली आणि वर्षभरातच तिचे ४३ वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले. कंपनी त्यांच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. नोटीस म्हणजे साधी महिन्याची नाही हं. सरकारी नियमच आहे २०१७ चा, को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष. एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराच्या वैमानिकांना नवा पगाराचा हिशोब दिला. आधी महिन्याला ७० तासांचे पैसे नक्की मिळायचे, ते ४० तासांवर आणले. झालं, कित्येक वैमानिक रजेवर, आणि कंपनीला रोजची पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली. अनुभवी कॅप्टनना आखाती देशांतल्या कंपन्या बोलावतच असतात. तिथे टॅक्स नाही, मुलांच्या शाळेचं बघतात आणि महत्त्वाचं म्हणजे पुढच्या महिन्याचं रोस्टर आधी कळतं.

इथे एक विरोधाभास आहे, तो आईबापांनी नीट ऐकावा. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली. पेपरात आलं की हजारो वैमानिक लागणार. त्याच वर्षी सोळाशेहून जास्त जणांना कमर्शियल लायसन्स मिळालं, तो तेव्हाचा विक्रम होता. पण टंचाई आहे ती अनुभवी कॅप्टनची. दोनशे तासांचं कोरं लायसन्स घेऊन घरी बसलेली पोरं-पोरी पुष्कळ आहेत, डोक्यावर कर्ज घेऊन. आणि जी आत शिरली ती अनुभव येईपर्यंत थकतात आणि बाहेर बघायला लागतात. एका बाजूने दारात रांग, दुसऱ्या बाजूने परसदारातून माणसं निघून चाललेली.

मुलींचं म्हणाल तर त्या मागे नाहीत. भारतात शंभरात पंधराच्या आसपास वैमानिक बायका आहेत, जगात हे प्रमाण पाचच्या आसपास. आपल्या सौदामिनी देशमुखांनी १९८५ मध्ये सगळ्या बायकांच्या चमूने चालवलेलं पहिलं विमान कोलकात्याहून सिल्चरला नेलं. तेव्हा मी शाळेत होते, फोटो पेपरातून कापून ठेवला होता. एसटीचं म्हणाल तर तिथे बाई स्टिअरिंगवर बसायला २०२३ उजाडावं लागलं, सासवड-नीरा गाडीवर अर्चना आत्राम. विमानाला ३८ वर्षं आधी जमलं ते बसला उशिरा जमलं, हे एक आपलं बाजूला.

माझ्या बहिणीला हे सगळं पटत नव्हतं. "आम्ही नाही का रात्री जागून पिकाला पाणी दिलं? दम कुणाला लागत नाही?" मी म्हटलं, "ताई म्हणून सांगते, तू पाणी देताना डुलकी लागली तर वाफा फुटतो. तिला लागली तर?" ती गप्प झाली. रात्री उशिरा म्हणाली, "जमीन गेली त्याचं नाही गं वाटत. ती म्हणाली मला सकाळी उठून रडू येतं, त्याचं वाटतं." मेव्हण्यांनी डोकं शांत ठेवून हिशोब मांडला. कर्जाचा हप्ता किती उरलाय, करारातली बाँडची मुदत कधी संपते, नोटिशीचे सहा महिने कुठून मोजायचे. पोरीच्या हातात पहिल्यांदा कुणीतरी 'सोडू नको' याऐवजी कागद दिला. आता बाँड संपलाय, तिने नोटीस दिलीय आणि बाहेरच्या एका कंपनीत मुलाखतही झालीय. दरम्यान नव्या नियमांमुळे महिन्यातून एक-दोन आठवडे सलग दोन दिवस घरी मिळतात. ती म्हणते, आधीच हे केलं असतं तर कदाचित मी अर्ज लिहिलाच नसता.

आमच्या शेजारची मुलगी यंदा बारावीला आहे, तिलाही पायलट व्हायचंय. तिची आई परवा विचारायला आली. मी भाचीलाच फोन लावून दिला. तिने काय सांगितलं ते लिहिते, कारण फी भरायच्या आधी हे कुणी सांगत नाही. एक पैसा भरायच्या आधी क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल करून घ्या. डोळे, कान, हृदय यात अडकलं तर पुढचा खर्च वाया. शाळा निवडताना विमानं किती चालू आहेत ते विचारा, नाहीतर दोनशे तास भरायला दोन-तीन वर्षं जातात. गेल्या दोन वर्षांत किती जणांना नोकरी लागली त्यांचे फोन नंबर मागा, नुसते भिंतीवरचे फोटो बघू नका. टाइप रेटिंगचे पैसे वेगळे धरा. नोकरी लागली तर करारातलं बाँडचं कलम वाचल्याशिवाय सही करू नका. आणि घर विमानतळापासून किती लांब घेणार ते आधी ठरवा, कारण झोप तिथेच वाचते.

शेजारीण वहीत लिहून घेत होती. शेवटी तिने फोनमध्ये विचारलं, "ताई, पण तू सोडून चाललीस ना? मग माझ्या पोरीला काय सांगू?"

"काकू, मी विमान सोडत नाहीये," पलीकडून आवाज आला. "कंपनी सोडतेय."

मेडिकलची तारीख त्यांनी घेतलीय. फी अजून भरलेली नाही.